‘कसं वाटलं?’ विचारू नका: नूतनीकरण झालेल्या नाट्यगृहात प्रेक्षकांचे अभिप्राय कसे घ्यावेत

नूतनीकरणानंतर नाट्यगृहाचा पडदा पहिल्यांदा उघडतो, त्या रात्री बाहेर पडणाऱ्या कुणालाही “कसं वाटलं?” म्हणून विचारा, उत्तर एकच येतं: “छान!” नव्या खुर्च्या, ताजा रंग, गार हवा, दारात रांगोळी, ओळखीची चार माणसं भेटलेली आणि कितीतरी महिन्यांनी गावात नाटक लागलेलं. अशा वेळी खोट काढायची म्हणजे लग्नाच्या पंगतीत भाजी खारट झाली म्हणण्यासारखं. माणूस खोटं बोलत नसतो. त्याला खरंच छान वाटलेलं असतं. पण त्या ‘छान’चा नाटकाच्या दिग्दर्शकालाही उपयोग नाही आणि नाट्यगृह चालवणाऱ्या पालिकेलाही नाही.

मी सांगलीची. आमच्या हौशी संस्थेत प्रयोगानंतर अभिप्राय गोळा करायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ केलं ते या गावात, म्हणून ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन. इथे रिक्षावालाही नाटकावर मत देतो आणि ते बहुतेक वेळा ऐकण्यासारखं असतं. प्रश्न मत मिळवण्याचा नाही. मिळालेलं मत नेमकं कशाबद्दलचं आहे हे ओळखण्याचा आहे. आता ठिकठिकाणी जुनी नाट्यगृहं दुरुस्त होतायत. ठाण्याचं गडकरी रंगायतन २०२५ मध्ये नव्या रूपात उघडलं. त्याआधी मुंबईतलं रॉयल ऑपेरा हाउस, १९९३ पासून बंद पडलेलं, २०१६ मध्ये पुन्हा सुरू झालं. तुमच्याही गावात असं काही होणार असेल, तर पहिल्या प्रयोगाच्या आधीच तयारी करून ठेवा.

तयारीतली पहिली गोष्ट म्हणजे एक प्रश्न पाठ करणं: “तुम्ही कुठे बसला होता?”

हा प्रश्न का, ते सांगते. आमच्या भागातल्या एका नाट्यगृहाचं नूतनीकरण झालं, त्याच्या शुभारंभाला दोन अंकी कौटुंबिक नाटक होतं. प्रयोगानंतर बऱ्याच जणांनी सांगितलं, “पहिला अंक संथ आहे.” तितक्याच जणांनी सांगितलं, “पहिला अंक काय रंगला!” दिग्दर्शक पहिल्या अंकातला आई-मुलाचा प्रवेश कापायच्या विचाराला लागला. आम्ही चिठ्ठ्या आसन क्रमांकाप्रमाणे लावल्या, तेव्हा दिसलं की ‘संथ’ म्हणणारे जवळजवळ सगळे बाल्कनीच्या खाली, शेवटच्या ओळींमध्ये बसलेले होते. तो प्रवेश हलक्या आवाजातला. तिथपर्यंत तो पोचलाच नव्हता. जे ऐकूच आलं नाही ते माणसाला कंटाळवाणं वाटतं, आणि कंटाळ्याचं खापर तो लेखकावर फोडतो. उलटही होतं. मऊ खुर्ची आणि गार हवेत दोन तास बरे गेले की सामान्य नाटकही चांगलं वाटून जातं. वास्तू आणि नाटक या दोन गोष्टी प्रेक्षकाच्या मनात एकमेकींत मिसळून गेलेल्या असतात. त्या सोडवणं हेच तुमचं काम.

त्यासाठी मी वेळा वाटून घेते. मध्यंतरात फक्त वास्तूबद्दल विचारायचं. प्रयोग संपल्यावर फक्त नाटकाबद्दल. दुसऱ्या दिवशी थोड्या लोकांना फोन करून दोन्हींबद्दल. मध्यंतरात नाटकाबद्दल विचारू नये, कारण ते अर्धंच झालेलं असतं आणि माणूस पुढे काय होणार याच्या विचारात असतो. पण खुर्ची, आवाज, पंखा, पायऱ्या यांचा अनुभव तेव्हा अगदी ताजा असतो. संपल्यावर मात्र खुर्ची विसरलेली असते, शेवट डोक्यात असतो. त्या वेळी तेच विचारा.

चिठ्ठी छोटी ठेवा, पोस्टकार्डाएवढी. अक्षर मोठं, कारण आपला अर्धा प्रेक्षक चष्मा पिशवीत ठेवून आलेला असतो. खालच्या मजल्याला एका रंगाचा कागद, बाल्कनीला दुसऱ्या. वरच्या कोपऱ्यात आसन क्रमांक लिहायला चौकट. तिकिटाचा अर्धा तुकडा हातात असतोच, त्यावर बघून लिहा म्हणावं. नाव आणि फोन नंबर मागू नका. ज्यांना दुसऱ्या दिवशी फोन केलेला चालेल, त्यांच्यासाठी एक वेगळी वही टेबलावर ठेवा. नाव लिहायचं म्हटलं की माणूस पुन्हा ‘छान’वर येतो. पेन्सिली सुतळीने टेबलाला बांधा. हे क्षुल्लक वाटेल, पण मध्यंतराच्या गर्दीत पहिल्या पाच मिनिटांत पेन्सिली गायब होतात आणि तुमचं सगळं काम तिथेच थांबतं.

मध्यंतराच्या चिठ्ठीवर मी एवढंच विचारते: कुठलं वाक्य किंवा कुठला प्रवेश नीट ऐकू आला नाही? रंगमंचाचा कुठला भाग दिसला नाही? खुर्चीत बसताना-उठताना काही त्रास? आणि खाली दोन ओळी मोकळ्या. होय-नाही असे प्रश्न मुळीच नकोत, आणि एक ते पाच गुण तर नकोतच. आपल्याकडे पाहुणा पाचपैकी चारच्या खाली देत नाही.

संपल्यानंतरच्या चिठ्ठीवर: कुठल्या जागी तुम्ही पुढे सरकून बसलात? कुठे घड्याळ पाहिलं? घरी जाऊन याबद्दल कुणाशी बोलणार, आणि काय सांगणार? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत प्रिय आहे. “सुनेला सांगणार, तू बघच एकदा” असं एक बाई लिहून गेल्या होत्या, आणि त्या नाटकाबद्दल त्याहून मोठं कौतुक मी तरी ऐकलेलं नाही.

लिहायचा कंटाळा करणारे, लिहिता न येणारे, हात थरथरणारे असे बरेच असतात. त्यांच्याशेजारी बसून बोला. “काका, एक मिनिट बसू का? तुम्ही सांगा, मी लिहिते.” आणि ते जसं बोलतील तसं लिहा. “आवाज नुसता घुमत हुता बघा, तोंड हलताना दिसत हुतं पन बोल कळंना,” असं एका शेतकरी आजोबांनी मला सांगितलं. ते मी ‘ध्वनिव्यवस्था असमाधानकारक’ असं लिहिलं असतं तर त्यातली सगळी माहिती गेली असती. आवाज कमी नव्हता, घुमत होता, हे त्यांच्या वाक्यात आहे. दोन्हींची दुरुस्ती वेगवेगळी असते.

आता आवाजाबद्दल जरा सविस्तर, कारण नूतनीकरणात सगळ्यांत जास्त बिघडते ती हीच गोष्ट आणि प्रेक्षकाला ती नेमकी सांगता येत नाही. कोल्हापूरचं जुनं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ मध्ये उभारलं. तेव्हा माईक नव्हताच. गाणाऱ्याचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत न्यायची जबाबदारी गळ्याची आणि वास्तूची. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, संगीतसूर्य केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत सापडलं. दुसऱ्या दिवशी तिथे जमलेल्या कलावंतांच्या आणि रसिकांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते नुसत्या भिंतींसाठी नव्हतं. जुन्या नाट्यगृहात लाकूड असतं, जाड पडदे असतात, खडबडीत भिंती असतात, आणि त्या सगळ्यांनी मिळून वर्षानुवर्षं आवाजाला एक वळण लावलेलं असतं. दुरुस्तीत तिथे गुळगुळीत फरशी, काच आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचं सपाट छत आलं की आवाज आदळून परत येतो. उलट सगळीकडे जाड गालिचा आणि कापड लावलं तर आवाज गिळला जातो. संवादांच्या नाटकाला सभागृहातला आवाज साधारण सेकंदाच्या आत विरलेला बरा. गाण्याला थोडी जास्त आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, लागते, दीड सेकंदाच्या आसपास. म्हणून शुभारंभाला संगीत नाटक आहे की गद्य, हे अभिप्रायाच्या गठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. नांदी ऐकून “काय सुंदर घुमतंय!” म्हणणारा प्रेक्षक पुढच्या महिन्यात तिथेच विनोदी नाटकाला तक्रार करेल, आणि दोन्ही वेळा त्याचं बरोबर असेल.

आणखी एक. रिकाम्या सभागृहात तालमीच्या वेळी घेतलेली ध्वनिचाचणी भरलेल्या सभागृहाला लागू पडत नाही, कारण माणसांचे देह आणि कपडेही आवाज शोषतात. ‘आम्ही चाचणी केली होती’ हे उत्तर तुम्हाला मिळणारच आहे, तेव्हा त्या दिवशी प्रेक्षक किती होते तेही चिठ्ठ्यांबरोबर नोंदवा. तिकीट खिडकीवर आकडा मिळतो.

मराठी बोलण्यात वाक्याचा जीव शेवटी असतो. क्रियापद शेवटी, नकार तर अगदी शेवटी. “मी तुला विसरलो नाही” यातला ‘नाही’ घुमण्यात विरला तर नाटकाचा अर्थच उलटतो. आणि नटांची सवय अशी की भावना दाटली की वाक्याचं शेपूट खाली जातं. म्हणून ऐकण्याबद्दल विचारताना मी “आवाज आला का?” असं विचारत नाही, “वाक्यांचे शेवट ऐकू येत होते का?” असं विचारते. लोक क्षणभर थांबतात, आठवतात आणि मग खरं सांगतात.

संस्थेतल्या दोघांना नाटकाच्या संहितेच्या प्रती देऊन बसवा, एक खाली, एक बाल्कनीत. त्यांनी नाटक बघायचं नाही, प्रेक्षक ऐकायचा. हशा कुठल्या वाक्याला आला, कुठून आला, टाळी कुठे पडली, खोकल्याची साथ कुठे सुरू झाली, खुर्च्या कुठे करकरल्या, मोबाइलचे उजेड कुठे दिसले, हे समासात पेन्सिलीने. नवख्या प्रेक्षकाचं लक्ष सुटतं तेव्हा तो आधी चुळबुळतो, मग खोकतो, मग मोबाइल काढतो. प्रयोगानंतर दोन्ही प्रती शेजारी ठेवा. खाली हशा आणि वर शांतता असं एकाच वाक्याला दिसलं, तर वाक्यात खोट नाही, ते वर पोचलं नाही. दोन्हीकडे शांतता असेल तर लेखकाशी बोला. नावाजलेला नट पहिल्यांदा रंगमंचावर येतो तेव्हाची टाळी मात्र मोजू नका. ती नटाच्या नावाला असते, त्या प्रयोगाला नसते.

शुभारंभाच्या प्रयोगाबद्दल माझं ठाम मत आहे: तो प्रेक्षक खरा प्रेक्षक नसतो. निम्म्याहून अधिक लोक पास घेऊन आलेले, पुढच्या ओळी राखीव, नाटकाआधी दीपप्रज्वलन, सत्कार आणि भाषणं. नाटक सुरू होईपर्यंत लोक दमलेले असतात, आणि शेवटच्या एसटीची चिंता असणारे दुसऱ्या अंकात उठतात. त्या दिवशी चिठ्ठ्या जरूर घ्या, पण वेगळ्या बांधा. खरे अभिप्राय दुसऱ्या-तिसऱ्या प्रयोगाला, तिकीट काढून आलेल्या माणसाकडून मिळतात. ज्याने स्वतःच्या खिशातले पैसे दिलेत त्याला तक्रारीचा हक्क वाटतो, आणि आपल्याला नेमका तोच हक्क हवा आहे. पडदा प्रत्यक्ष किती वाजता उघडला आणि किती वाजता पडला हेही लिहा. ‘लांबलं’ म्हणणाऱ्याला नाटक लांब वाटलं की भाषणं, हे त्यावरून कळतं.

मध्यंतरात कुठे उभं राहायचं? चहा-वड्याच्या टपरीपाशी पुरुषांची मतं मिळतात. बायकांची मतं स्वच्छतागृहाच्या रांगेत. मी त्या रांगेत उभी राहते. तिथे सगळ्या मोकळेपणाने बोलतात, आणि वेळही असतो, कारण रांग लांब असते. कित्येक ठिकाणी पुरुषांसाठी आणि बायकांसाठी सारखीच जागा ठेवलेली असते, वेळ मात्र सारखा लागत नाही. तिसरी घंटा झाली तरी बायका रांगेत असतात आणि अंधारात चाचपडत आपल्या जागेवर येतात. दुसऱ्या अंकाची पहिली पाच मिनिटं त्यांना कळलेली नसतात. “दुसरा अंक कुठून सुरू झाला ते समजलंच नाही” असा अभिप्राय बायकांच्याच चिठ्ठ्यांत जास्त आला, तर दिग्दर्शकाला काही सांगू नका. घंटा पाच मिनिटं उशिरा द्यायला सांगा, आणि पालिकेला स्वच्छतागृहं वाढवायला.

चाकाच्या खुर्चीवरून किंवा काठी टेकत आलेल्या प्रेक्षकाशी मध्यंतरात, त्यांच्या जागेपाशी जाऊन बोला. नंतर त्यांना नेणाऱ्या माणसांची घाई असते. उतार आहे का एवढंच विचारू नका. उतारावरून कुणाच्या मदतीशिवाय येता आलं का, आत बसायची जागा कुठे मिळाली, घरच्यांच्या शेजारी मिळाली का, असं विचारा. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे सार्वजनिक वास्तूत ही सोय हवीच, त्यामुळे इथली एक चिठ्ठीही वजनदार असते. एक ताई म्हणाल्या, “मला बाजूच्या वाटेत बसवलं. दिसत सगळं होतं. पण माझ्या नवऱ्याला पाच ओळी मागे बसावं लागलं, आणि हसताना शेजारी कुणी नव्हतं.” हे वाक्य मी अधिकाऱ्यांना वाचून दाखवलं, तेव्हा बैठकीत कुणी कागद चाळत नव्हतं.

पार्किंग, वड्याची चव, पाण्याची सोय यांबद्दल लोक न विचारताही सांगतात. ते घ्या आणि पुढे चला.

“जुन्याची सर नाही” म्हणणारे ज्येष्ठ प्रेक्षक भेटतीलच. त्यांना भावनाप्रधान समजून बाजूला सारू नका. शांतपणे विचारा, “आजोबा, जुन्यातलं नेमकं काय आठवतं?” एकदा उत्तर आलं, “पूर्वी मध्यंतरात बाजूची दारं उघडली की अंगणात जाता यायचं. आता सगळे एकाच दारातून.” ही आठवण आहे खरी, पण ती आग लागली तर बाहेर पडायच्या वाटांबद्दलही बोलते. जुन्या वास्तूबद्दलच्या हळहळीच्या तळाशी बहुतेक वेळा अशी एखादी पक्की गोष्ट असते. ती सापडेपर्यंत ऐकायचं.

सगळ्या चिठ्ठ्या जमल्या की आसनांचा प्लॅन मोठ्या कागदावर काढा. बुकिंगला वापरतात तोच. ऐकू न येण्याची तक्रार लाल, न दिसण्याची निळी, खुर्चीची हिरवी. टक्केवारी काढत बसू नका. ‘ऐंशी टक्के समाधानी’ या वाक्याने उरलेल्या वीस टक्क्यांचं काहीच होत नाही, आणि ते वीस टक्के बहुधा एकाच कोपऱ्यात बसलेले असतात. प्लॅनवर ठिपके पडले की कोपरा आपोआप दिसतो. बाल्कनीच्या खाली लाल ठिपके म्हणजे तिथे आवाज दबतोय. पुढच्या ओळींतच ‘दोनदा ऐकू येतं’ अशी तक्रार असेल तर मागची कडक भिंत आवाज परत पाठवतेय. बाल्कनीच्या पहिल्या ओळीत निळे ठिपके म्हणजे कठडा उंच झालाय, मुलांना आणि बुटक्या माणसांना रंगमंचाची पुढची कड दिसत नाही.

मग दोन वेगळे कागद करा. नाटकाबद्दलचा दिग्दर्शकाला, पुढच्या प्रयोगाच्या आधी, आणि त्यात फक्त ज्यांना नीट ऐकू आलं आणि दिसलं त्यांचीच मतं. नटांच्या हाती चिठ्ठ्या थेट देऊ नका. एका खोचक वाक्याने चांगला नट पुढचे प्रयोग बिचकत करतो.

वास्तूबद्दलचा कागद प्लॅनसकट नाट्यगृह चालवणाऱ्या कार्यालयात द्या. दोन प्रती न्या, आवक क्रमांक टाकून घ्या, आपल्या प्रतीवर पोच घ्या. घाई करा, कारण अशा कामांच्या करारात दोषदायित्व कालावधी असतो. त्या मुदतीत निघालेली खोट ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची असते. मुदत गेली की तीच करकरणारी खुर्ची पालिकेच्या अंदाजपत्रकात जाऊन बसते. तारीख, प्रयोग आणि आसन क्रमांक लिहिलेली तक्रार नाकारणं अवघड असतं. पणजीच्या कला अकादमीच्या नूतनीकरणानंतर गोव्यातल्या कलाकारांनी ध्वनी आणि प्रकाशाच्या त्रुटींवर जाहीरपणे आवाज उठवला, आणि २०२४ मध्ये सरकारला कृतिदल नेमावं लागलं. वापरणाऱ्यांनी नेमकं बोलायचं ठरवलं की हे होतं.

ज्या तक्रारी दूर झाल्या त्या महिनाभरात नाट्यगृहाच्या दारात फळ्यावर लिहा: ‘त ओळीतल्या खुर्च्या बदलल्या. मध्यंतर पाच मिनिटांनी वाढवलं.’ ज्याने चिठ्ठी भरली तो ते वाचतो आणि पुढच्या वेळी आपणहून पेन्सिल मागतो.

आणि पहिला जोराचा पाऊस पडला की पुन्हा एकदा चिठ्ठ्या वाटा. उन्हाळ्यात उघडलेल्या नाट्यगृहाची पावसाळ्यात वेगळीच तऱ्हा असते: वर पत्रा असेल तर सरींचा आवाज संवादांवर चढतो, गालिच्याला ओल येऊन वास सुटतो, दमट हवेत वातानुकूलन वाढवलं की म्हातारी माणसं शाली गुंडाळून बसतात. त्या चिठ्ठीवर एक प्रश्न जादा घाला: पाऊस पडत असताना कुठला प्रवेश चालू होता, आणि त्यातलं काय ऐकू आलं?